पडेल नायक आणि जयपूरचे हत्ती

मूकपटांच्या काळातील धडपडीच्या प्रेमपटाला पाच गोष्टी लागतात: एक तरुण, एक तरुणी, तरुणीचा बाप, एक पोलीस आणि एक उतार. यांतला बाप प्रसंगी वगळता येतो. पोलिसाऐवजी गाढवावर भागते. उतार मात्र हवाच, कारण नायक कुठून तरी खाली आल्याशिवाय नायिकेच्या मनात वर चढत नाही. या प्रकाराची भरभराट साधारण १९१२ मध्ये मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीपासून सुरू झाली आणि १९३१ मध्ये चार्ली चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'पाशी संपली. म्हणजे उणीपुरी वीस वर्षे. एवढ्या अवधीत अमेरिकेत हजारो माणसे पडली, त्यांतली बरीचशी प्रेमासाठी.

बोलपटातल्या प्रेमिकाला "माझे तुझ्यावर प्रेम आहे" असे म्हणता येते आणि तिथेच त्याची मेहनत संपते. मूकपटातल्या नायकाला ती सोय नव्हती. पाटी लावून सांगता आले असते, पण पाटीवर विश्वास कोण ठेवणार? त्यामुळे प्रेमाचा पुरावा त्याला अंगावर काढावा लागे. बस्टर कीटनच्या 'सेव्हन चान्सेस' (१९२५) या चित्रपटाची सुरुवातच या अडचणीने होते. नायक फाटकापाशी नायिकेसमोर उभा आहे आणि मनातले बोलायचे राहून गेले आहे. उन्हाळा जातो, पानगळ होते, बर्फ पडतो, पुन्हा वसंत येतो. दोघांच्या पायाशी असलेले कुत्र्याचे पिल्लू दरवेळी थोडे मोठे होत जाते आणि शेवटी चांगले दांडगे कुत्रे होऊन उभे राहते. नायकाचे वाक्य अजून घशातच आहे. एवढा नेमका विनोद करायला पुढच्या काळात लेखकांना पानेच्या पाने संवाद लिहावे लागले.

मग या नायकाला कळते की आपल्या सत्ताविसाव्या वाढदिवशी संध्याकाळी सातच्या आत लग्न केले, तर आजोबांचे सत्तर लाख डॉलर आपले. वाढदिवस आजच आहे. तो धावत नायिकेकडे जातो, ती हो म्हणते. इथे भला माणूस गप्प बसता. हा मात्र खुलासा करतो की आज कुणाशी तरी लग्न करणे भागच होते. ती चिडून नकार देते. त्याचा भागीदार वर्तमानपत्रात बातमी छापून आणतो आणि चर्चमध्ये शेकडो स्त्रिया नवरीच्या वेषात हजर होतात. बाकीचा चित्रपट म्हणजे पुढे एक वर आणि मागे वधूंचा मोर्चा. चाचणी खेळात कीटनच्या ध्यानात आले की डोंगरउतारावर त्याच्या पायाने दोनतीन धोंडे सुटून मागे गडगडत आले, त्या क्षणी प्रेक्षक एकदम जागे झाले. त्याने सुमारे दीड हजार खोटे धोंडे बनवून घेतले आणि तो प्रसंग नव्याने चित्रित केला. धोंडे टाळण्यासाठी तो वधूंकडे वळतो आणि वधू टाळण्यासाठी धोंड्यांकडे. विवाहसंस्थेचे याहून नेटके वर्णन चित्रपटात क्वचितच झाले असेल.

हॅरल्ड लॉइडचा मार्ग निराळा. त्याचा चष्मेवाला तरुण शेजारच्या घरातला वाटतो: नोकरी करणारा, होतकरू आणि थापाड्या. 'सेफ्टी लास्ट' (१९२३) मध्ये तो मोठ्या दुकानात साधा विक्रेता असतो आणि गावाकडच्या मुलीला आपण मोठे साहेब असल्याचे भासवतो. मुलगी एके दिवशी दुकानातच येऊन थडकते. थाप निस्तरायला पैसे हवेत, पैशांसाठी इमारतीच्या बाहेरून बारा मजले चढायला हवे, आणि चढताना घड्याळाच्या काट्याला लोंबकळायला हवे. तो प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. ज्या हातांनी तो लोंबकळतो त्यांतल्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी १९१९ मध्ये खोटा समजून हातात घेतलेल्या बाँबने उडवली होती आणि त्यावर खास बनवलेला मोजा चढवलेला असे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. गच्चीवर वाट पाहणारी नायिका मिल्ड्रेड डेव्हिस. चित्रपट एप्रिलमध्ये लागला. लॉइडने तिच्याशी लग्न फेब्रुवारीतच उरकले होते. प्रेक्षक मात्र आजही तो तिथवर पोहोचतो की नाही या काळजीत असतात.

या चित्रपटांतल्या नायिकांबद्दल थोडे कडू बोलणे भाग आहे. बहुतेकींना उभे राहून बघणे, किंचाळणे आणि शेवटी गालावर ओठ टेकवणे एवढेच काम. सन्माननीय अपवाद मेबल नॉर्मंडचा. ती स्वतः पडे, दुसऱ्याला पाडी आणि १९१४ मध्ये दिग्दर्शनही करी. नवख्या चॅप्लिनला तिच्या हाताखाली काम करावे लागले आणि ते त्याला फारसे रुचले नाही.

चॅप्लिन मोठा झाल्यावर त्याच्यापुढे 'सिटी लाइट्स'मध्ये एक चमत्कारिक पेच उभा राहिला. आंधळ्या फुलवालीला फाटका भटक्या श्रीमंत वाटला पाहिजे. कसा? महिनोन्महिने डोके खाजवल्यावर तोडगा सापडला: रस्ता ओलांडण्यासाठी भटक्या उभ्या मोटारीच्या एका दारातून आत शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडतो आणि दार लावल्याचा आवाज तिला ऐकू येतो. म्हणजे अख्ख्या मूकपटाचे कथानक एका आवाजावर उभे आहे, आणि तो आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही, तरी समजतो. या भेटीच्या प्रसंगाची ३४२ चित्रणे झाल्याची नोंद आहे. फूल तेच, मुलगी तीच आणि दिग्दर्शक असा. 'सिटी लाइट्स' ३० जानेवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये प्रथम दाखवला गेला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १४ मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानातला पडदाही बोलू लागला.

तोवर हिंदुस्थानात हा प्रकार काय करत होता, याचे उत्तर थोडक्यात देता येते: तो विवाहित होता. दादासाहेब फाळके यांनी 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपट दाखवला. पौराणिक चित्रपटाच्या ताटात अशी चटणीसारखी विनोदी फीत वाढण्याची पद्धत त्यांनी सुरुवातीलाच पाडली होती. प्रेमपटाची अडचण मात्र वेगळीच होती. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) साठी स्त्रिया मिळेनात, म्हणून ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती व्हावे लागले. पुढे 'लंकादहन' (१९१७) मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. नायक आणि नायिका एकच व्यक्ती असल्यावर रुसव्याफुगव्याला वाव राहत नाही, आणि पाठलाग तर अशक्यच.

तरीही फाळक्यांच्या हातून धडपडीचा एक अस्सल प्रसंग घडला आहे आणि सुदैवाने तो 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाच्या शिल्लक भागात पाहता येतो. कृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आहे. सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर आपले नाना भाव करून दाखवते आणि मग पाहता पाहता कृष्ण होते. गोकुळातली खोडकर टोळी एका गोपीचे लोणी पळवते, चोप बसतो, सूड घ्यायचे ठरते. रात्री कृष्ण एका धनिकाच्या शेजघरात शिरतो. नवराबायको गाढ झोपलेली. हा नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस घेऊन त्यांची गाठ मारतो. एकमेकांशी अशी गाठ पडलेले ते जोडपे जागे होते, उठू पाहते आणि मग जे व्हायचे ते होते. कीस्टोनच्या कोणत्याही पोलिसाला हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे. फरक इतकाच, की यातले प्रेमिक पन्नाशीकडे झुकलेले दिसतात आणि लग्नाला बरीच वर्षे झाली असावीत.

हा फरक मोठा आहे. अमेरिकन नायकाची सगळी धडपड लग्न जमावे म्हणून असते. आपल्याकडे लग्न जमवायला आईबाप, मामा, भटजी आणि पत्रिका समर्थ होत्या. नायकाला त्यात काही कामच नव्हते. त्याची खरी अडचण लग्नानंतर सुरू होई, भरल्या घरात बायकोची गाठ कशी घ्यायची ही. धीरेंद्रनाथ गांगुली यांनी 'बिलात फेरत' (१९२१) मध्ये विलायतेहून परतलेल्या तरुणाची चेष्टा केली. कालीपद दासांच्या 'जामाईबाबू' (१९३१) मध्ये तर खेड्यातला जावई कलकत्त्यात सासुरवाडीला येतो, शहरात हरवतो, आपटतो आणि रात्री स्वतःच्याच बायकोच्या खोलीत चोरपावलांनी शिरताना चोर म्हणून पकडला जातो. हॅरल्ड लॉइडला पोलीस पकडत. आपल्या जावयाला सासरची माणसे पकडत. चॅप्लिनची छाप या जावयावर उघड दिसते, पण चॅप्लिनला असे सासर कधी मिळाले नाही.

लग्नाआधीचे प्रेम आणि त्याआड येणारा बाप असे अमेरिकन धाटणीचे कथानक हिंदी मूकपटात हवे असेल, तर जयपूरच्या वाटेला लागावे लागते. तिथे प्रेम भरपूर होते, बाप होता, हत्ती तर मोजता येत नव्हते. कमी होता तो पडणारा माणूस.

१९२५ मध्ये हिमांशू राय यांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीशी हातमिळवणी करून 'प्रेम संन्यास' काढला. दिग्दर्शक फ्रान्ट्स ओस्टेन जर्मन, विषय गौतम बुद्ध, आणि हत्तीघोडे, लवाजमा, राजवाडे यांची मदत जयपूर दरबाराची. महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचे होते. त्या वयात कुणी हत्ती मागायला आले तर नाही म्हणणे कठीण. खोटे नेपथ्य नाही, कृत्रिम प्रकाश नाही, असा निर्मात्यांचा अभिमानाचा दावा होता. जयपूरचे ऊन पाहता तो पटण्यासारखा आहे. चित्रपट युरोपात गाजला, विंडसर किल्ल्यात पंचम जॉर्ज यांनीही पाहिला. पण कथाच अशी की नायक शेवटी बायकोला झोपलेली सोडून निघून जातो. विनोदी प्रेमपटाच्या दृष्टीने हे उलट्या दिशेने चालणे झाले.

'प्रपंच पाश' (१९२९) मध्ये मात्र सगळे साहित्य जमून आले होते. जयपूर, उदयपूर आणि म्हैसूर या संस्थानांचे साह्य, जाहिरातीनुसार दहा हजार माणसे आणि हजार घोडे. शेजारशेजारचे दोन राजे, रणजित आणि सोहन, दोघेही अट्टल जुगारी आणि दोघांचा डोळा अरण्यात राहणाऱ्या सुनीतेवर. तिच्या वडिलांना जुगाराचा तिटकारा. ही तर शंभर टक्के हॅरल्ड लॉइडची गोष्ट! मुलगा व्यसनी, मुलीचा बाप कडक, प्रतिस्पर्धी लबाड, फाशांत खोट आणि ती शेवटी एक लहान मुलगा उघडकीला आणणार. लॉइडने यात काय केले नसते? सासऱ्यासमोर फासे तोंडात लपवले असते, ते गिळले असते, हत्तीच्या पाठीवरून सासऱ्याच्या झोपडीवर पडला असता. चारू रॉय यांचा रणजित यातले काही करत नाही. त्याला बाण लागतो तेव्हाही तो व्यवस्थित, राजाला शोभेल असा आडवा होतो. फेट्याचा पीळ ढळत नाही. राजा हरतो, गुलाम होतो, पण घसरत नाही.

सबंध चित्रपटात डोळ्यांत भरेल अशी खाली येण्याची घटना एकच, ती खलनायकाची. डाव उलटल्यावर सोहन कड्यावरून उडी घेतो, आणि ती हसण्यासाठी नाही. सोहनचे काम खुद्द हिमांशू राय यांनी केले होते. पडद्यावर सुनीता हातची गेली म्हणून कडा जवळ करणाऱ्या या गृहस्थांनी त्याच १९२९ साली या चित्रपटाच्या सजावटीत हातभार लावणाऱ्या देविका राणींशी लग्न केले. चित्रपटाबाहेरचा भागच कीटनच्या जास्त जवळ जातो म्हणायचा. सुनीता झालेल्या सीतादेवी, मूळच्या रेने स्मिथ, यांनी चारू रॉय यांच्याबरोबर पडद्यावर चुंबनही दिले आहे. म्हणजे त्या काळच्या हिंदुस्थानात जे अवघड समजले जाई ते बिनदिक्कत झाले, आणि केळीच्या सालीवरून घसरणे, जे कुणालाही जमते, ते राहून गेले.

जागेची उणीव होती असे म्हणता येणार नाही. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेले जयपूर म्हणजे सरळ, रुंद, काटकोनात छेदणारे रस्ते. पाठलागासाठी लॉस एंजेलिसने आणखी वेगळे काय दिले होते? त्रिपोलियाकडून सुटलेला नायक जोहरी बाजारातून थेट सांगानेर दरवाज्यापर्यंत दिसत राहिला असता. हवामहाल (१७९९) तर या प्रकारासाठीच बांधला असावा असे वाटते. ९५३ खिडक्या, जाळीआड राजघराण्यातल्या स्त्रिया, आणि खाली रस्त्यावर नायक, हातात गुलाब, कुठल्या खिडकीकडे बघून हसावे याचा अंदाज घेत उभा. वर जायला पायऱ्यांऐवजी बहुतांशी उतरणी आहेत. ही सोय पालख्यांसाठी होती असे म्हणतात, पण धावत खाली येणाऱ्या माणसाला उतरणीवर थांबता येत नाही हे कुठल्याही विनोदी दिग्दर्शकाला पहिल्या भेटीत दिसले असते. फक्त घड्याळाच्या बाबतीत जयपूर कमी पडते. जंतर मंतरमधले सम्राट यंत्र हे जगातले सर्वांत मोठे दगडी सूर्यघड्याळ, उंची सुमारे २७ मीटर. पण त्यात वेळ दाखवते ती सावली, आणि सावलीला लोंबकळता येत नाही.

तरी राजेलोकांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. संस्थानात चित्रण करायचे तर हत्ती महाराजांचे, महाल महाराजांचे, गर्दीतली माणसे महाराजांची प्रजा. अशा ठिकाणी राजा झालेल्या नटाला शेणावरून घसरवणे हे विनोदापेक्षा राजद्रोहाच्या जवळ गेले असते. पडेल नायक लोकशाहीतच परवडतो, किंवा गोकुळात.

आता दुर्मिळतेविषयी. अमेरिकेत सुमारे अकरा हजार मूक कथापट निघाले. काँग्रेस लायब्ररीच्या २०१३ च्या अहवालानुसार त्यांतले जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास निघाले आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला तुकड्यातुकड्यांनी धरून तिसांच्या आसपासच मिळवता आले. कारणे रुक्ष आहेत. नायट्रेटची फीत पटकन पेटते, न पेटल्यास कुजते, आणि दोन्ही न झाल्यास मालक ती चांदी काढण्यासाठी विकतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातले नायट्रेटचे कोठार जळाले. त्यात विनोदी चित्रपटांचे हाल अधिक, कारण ते मुळात मुख्य खेळाच्या जोडीला फुकटात मिळत. फुकटची वस्तू कपाटात कुलूप लावून कुणी ठेवत नाही. 'पिठाचे पंजे' गेले. 'बिलात फेरत'चा संपूर्ण आनंद आता कुणाला घेता येत नाही. 'जामाईबाबू' तेवढा वाचला. हिंदुस्थानात जावयाला जपतात, याचा हा चित्रपटीय पुरावा.

'प्रपंच पाश' वाचला तो परदेशी भागीदारांमुळे. त्याच्या प्रती युरोपात होत्या, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये तो दुरुस्त केला आणि नितीन साहनी यांनी त्याला नवे संगीत दिले. जुने चित्रपट जपण्याच्या कामी राजस्थाननेही एक माणूस दिला आहे: डुंगरपूर राजघराण्यातले शिवेंद्रसिंह डुंगरपूर. त्यांनी संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) काढला आणि पुढे फिल्म हेरिटेज फाउंडेशन उभारले. पूर्वी संस्थाने हत्ती देत, आता डबे सांभाळतात.

जे वाचले तेही बरेचदा चुकीचे पाहिले जाते. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याची गती सेकंदाला सोळाअठरा चौकटींच्या आसपास असे. तीच फीत नंतर चोवीसच्या वेगाने दाखवली की सगळी माणसे घाईची लागल्यासारखी पळतात आणि नव्या प्रेक्षकाला वाटते, हाच काय तो विनोद. मूळ खेळ असा नव्हता, आणि तो मुका तर मुळीच नव्हता. आपल्याकडे पडद्याखाली तबलापेटी असे, पाट्या दोनतीन भाषांत असत, आणि वाचता येणारा प्रेक्षक न येणाऱ्यासाठी त्या मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे हशा हप्त्याहप्त्याने येई: आधी इंग्रजीवाले, मग गुजराती, मग मराठी, आणि शेवटी ज्यांना शेजाऱ्याने समजावून सांगितले ते.

बोलपट आल्यावर नायकांना संवाद मिळाले आणि त्यांचे पडणे थांबले. जे पडत राहिले त्यांना विनोदी नट म्हणून वेगळे काढून नायकाच्या मित्राच्या जागी बसवण्यात आले. एकाच माणसाने आपटायचेही आणि मुलगीही मिळवायची, हा जुना हक्क परत मागणारा ठळक भारतीय अर्ज १९८७ चा: सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'पुष्पक', संवादाविना. कमल हासन यातला बेकार तरुण, अमला जादूगाराची मुलगी. चित्रण बंगळूरचे. शेवटी ती गुलाबाभोवती आपला पत्ता लिहिलेला कागद गुंडाळून त्याच्याकडे फेकते. गुलाब त्याच्या हाती राहतो, कागद वाऱ्याने उडतो आणि गटारात जातो.